भिंत, फरशी आणि माळा

सहकारनगरातल्या त्या घरी मी गेले होते स्वयंपाकघराची भिंत पाडायच्या खुणा करायला. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, त्यानंतर पुण्यात ठिकठिकाणी पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एकीतलं हे बैठं घर. इंटिरिअरच्या कामात असं घर वाट्याला आलं की मी मनापासून खूश होते. जाड भिंती, समोरासमोर खिडक्या, भरपूर वारा.

घराचे मालक, काका, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना ओपन किचन, पीओपीचं सीलिंग आणि पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. लाल-काळ्या ठिपक्यांच्या मोझॅकवर सतरंजी टाकून त्यांचा अख्खा अभ्यास झाला, आणि सगळ्या मित्रांची घरं बदलली तरी यांचं राहूनच गेलं. माणूस आयुष्यभर घरावरचा खर्च पुढे ढकलतो, तेव्हा त्याच्या अशा हौसेला कुणी नाकं मुरडू नयेत असं मला वाटतं.

ओपन किचन तरुणांनाच हवं असतं असं आमच्या धंद्यातही धरून चालतात. इथे त्याला कडाडून विरोध केला तो त्यांच्या मुलीनं. ती २०२०पासून बरेच दिवस घरूनच काम करते. "बाबा, मी कॉलवर असताना कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, सगळं ऐकू जातं. भिंत हवीच, वर दारही बसवा." मोझॅक मात्र तिला ठेवायचं होतं, नुसतं मशीननं पॉलिश करून.

वाद वाढला तसा मी मिस्त्रींना दाराजवळचा थोडा गिलावा काढायला सांगितला. काकांच्या मते ती साडेचार इंची पार्टिशनची भिंत होती. निघाली नऊ इंची, आणि वरचा स्लॅब थेट तिच्यावर टेकलेला. आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीत भार खांब-तुळयांवर असतो, अशा घरात तो भिंतीच पेलतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय मी तिला हातोडा लावू देणार नाही, असं तिथेच सांगितलं. काका गप्प झाले, पण मनातून फार खट्टू झाले.

आजी तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. सीलिंगसाठी पॅसेजमधला माळा काढायचा विषय निघाला तेव्हा त्या उठून आल्या.

"माळा राहू दे. पाणी खालून येतं, बाळा."

पुराच्या वेळी त्या शाळकरी होत्या, नारायण पेठेत. घरचं जे वाचलं ते पोटमाळ्यावर होतं तेवढंच. घराचे कागद अजूनही पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर. काका म्हणाले, "आई, आता कुठला पूर!" तर नात म्हणाली, "बाबा, २०१९?" २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर-सहकारनगरच्या सखल भागांत पाणी घुसलं, माणसं गेली. तिच्या मैत्रिणीच्या घरात त्या रात्री कमरेइतकं पाणी होतं. काका पुढे काही बोलले नाहीत.

मग मी नकाशा नव्याने मांडला. माळा राहिला. इन्व्हर्टर जमिनीवरून उचलून भिंतीवर, खालचे प्लग पॉइंट वर.

फरशीचा निकाल आजींच्या न्हाणीघरानं लावला. जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवली की जमीन साधारण पाऊण इंच वर येते आणि दारादारात नव्या पायऱ्या तयार होतात. आजी वॉकरवर चालतात. न्हाणीघराचं दार दोन फुटी, वॉकर तिरका करूनच आत शिरायचं. ते दार अडीच फुटी करायचं ठरलं, वर नवीन लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी आडवी तुळई, हेही इंजिनिअरला विचारूनच. आत खरखरीत अँटीस्किड टाइल्स, कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा. त्यांनी हे मागितलं नव्हतं. रोज आधाराला कुठे हात टेकता, असं विचारल्यावर त्यांनी नळ दाखवला.

मोझॅक राहिलं, पॉलिश होणार. काकांच्या खोलीत मात्र जुनी फरशी उखडून, लेव्हल तीच ठेवून, पांढऱ्या टाइल्स बसतील. नमुना त्यांनी त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन निवडला आणि मला फोटो पाठवला.