तो येणार हे तिला आधी कोण सांगणार?

मी गेली सात वर्षं आमच्या गावची पोलीस पाटील आहे. सोलापूर जिल्ह्यातलं दीड हजार वस्तीचं गाव, ऊस आणि ज्वारीचं. जानेवारीत बीट हवालदार एक कागद घेऊन घरी आले. आमच्या गावचा एक जण येरवड्यात जन्मठेप भोगतोय, त्याने संचित रजेचा अर्ज केला होता. बांधाच्या भांडणात त्याने चुलतभावाला कुऱ्हाडीने मारलं, त्याला आता नऊ वर्षं झाली.

गावात पॅरोल काय नि फर्लो काय, सगळ्यांना 'सुट्टी'च म्हणतात. पण अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, घरात मयत झाली, कोणी फार आजारी पडलं अशा कारणाने मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. संचित रजा, म्हणजे फर्लो, आत वागणूक नीट असली की मिळते आणि ते दिवस शिक्षेतच मोजतात. दोन्हींसाठी जामीनदार लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि त्या अहवालासाठी माझं मत विचारतात.

"ताई, 'शांतता भंग होण्याची शक्यता आहे' एवढं लिहा आणि शिक्का मारा. डोक्याला ताप नको," हवालदार म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. चाळीस गावं आणि दोन माणसं, तेही काय करणार?

मी आधी त्याच्या आईकडे गेले. पत्र्याचं घर, दारात एक शेळी. म्हातारीने जामीनदार म्हणून अंगठा देण्यासाठी आधार कार्ड पिशवीत घालून तयारच ठेवलं होतं. मग त्याच आळीत तीन घरं सोडून मेलेल्याच्या बायकोकडे गेले. ती ज्वारी निवडत होती. मला वाटलं रडेल, चिडेल. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "येऊ दे न्हाईतर नको येऊ दे, सरकारचं काम हाय ते. पर मला आधी सांगा. मागच्या बारीला मी नळावर हंडा लावून उभी हुते, आन् त्यो समोरनं चालत आला."

मला त्या रात्री झोप आली नाही. मागच्या वेळीही पोलीस पाटील मीच होते. माझ्या अहवालात जामीनदाराचं नाव होतं, घराची हद्द होती, शेजाऱ्यांचे जबाब होते. तिला कळवायचं असा रकाना कुठेच नव्हता, आणि मलाही सुचलं नव्हतं.

गावाची भीती खोटी नाही. वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा 2012 साली खून झाला. त्यातला जन्मठेपेचा कैदी 2016 मध्ये नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटला तो परत गेलाच नाही. पुढच्या वर्षी काश्मीरमध्ये सापडला. अशा बातम्या लोक विसरत नाहीत, आणि विसरू नयेतच.

पण माझं गाव खरं घाबरतं ते दुसऱ्याच एकाला. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरणारा, विचारलं तर कोयता दाखवणारा. चॅप्टर केस, म्हणजे नीट वागण्याची हमी घेण्याची कारवाई, झाली, बाँड लिहून दिला, दोन महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 56 खाली तडीपार झाला. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. पहिल्या पंधरवड्यातच तो रात्री गावात येऊन गेला. तडीपारीसाठी घेतलेले जबाब गोपनीय असतात, साक्षीदाराचं नाव झाकतात. पण "अमुक महिन्यात विहिरीजवळ अडवलं" एवढं नोटिशीत आलं की आमच्याएवढ्या गावात माणूस कोण ते कळतंच. असा जबाब दिलेल्या शेतकऱ्याच्या ठिबकच्या नळ्या कोणीतरी कापल्या. आता जबाब द्यायला कोणी पुढे येत नाही, आणि मी कोणत्या तोंडाने आग्रह करू? शिवाय तो ज्या तालुक्यात जाऊन राहिला, तिथल्या पोलीस पाटलाला कोणी कळवलं होतं का? मीच फोन करून सांगितलं.

माझं माहेर आटपाडीकडचं. तिथे औंध संस्थानाच्या काळापासून स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. लहानपणापासून ते पाहिल्यामुळे 'खुनी म्हणजे कायमचा जनावर' हे मला पटत नाही. रजा मागणाऱ्या त्या कैद्याला कधीच येऊ दिलं नाही, तर शिक्षा संपल्यावर तो एकदम येईल, कोणाच्याच नजरेखाली नसताना. त्यापेक्षा थोडे दिवस येऊ दे, पण नजर खरी असू दे. रजिस्टरात सही केली म्हणजे झाली हजेरी, एवढ्यावर मी तरी समाधानी नाही.

म्हणून मी लिहिलं: हरकत नाही. रोज हजेरी घ्यावी. फिर्यादी पक्षाच्या घराकडे व पाण्याच्या नळाकडे जाऊ नये. सुटकेची तारीख मयताच्या पत्नीस आधी कळवावी. हवालदारांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. "असं कोणी लिहीत नाही, ताई." पण कागद त्यांनी तसाच पुढे नेला.

तारीख मला म्हातारीकडूनच कळली. मी आदल्या संध्याकाळी मयताच्या बायकोला जाऊन सांगितलं. तिने धाकटीला मामाकडे पाठवलं, दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं. तो एसटीने फाट्यावर उतरला, खाली मान घालून घरी गेला. रोज सकाळी मी त्याच्या दारावरून चक्कर मारत होते. सुट्टी संपली त्या दिवशी तिचा फोन आला. "ग्येला का?" "गेला," मी म्हटलं. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा येईल. माझ्या दप्तरातल्या वहीच्या पहिल्या पानावर मी तिचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. मी या पदावर नसले, तरी पुढच्याला तो पहिल्यांदा दिसावा.