लाल पेशींतला ठिपका

रात्रपाळीला हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या, टेक्निशियनने हाक मारली. "मॅडम, जरा बघता का? रंगाचे कण बसलेत की खरंच बॅक्टेरिया आहेत, कळत नाहीये."

रक्ताच्या साध्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या थेंबात, जंतू सहसा दिसत नाहीत. सेप्सिसमध्येही, म्हणजे संसर्ग अंगभर भिनला तरी, ते रक्तात इतके विरळ असतात की कल्चरच्या बाटल्यांत वाढवल्याशिवाय सापडत नाहीत. मायक्रोस्कोपचं सगळ्यात मोठं करून दाखवणारं भिंग, ऑइल इमर्शन, लावलं. रंगाचे कण पेशींच्या वरच्या पातळीवर तरंगतात, आकारही वेडेवाकडे असतात. हे पेशींबरोबरच फोकसमध्ये येत होते, सगळे एकाच मापाचे, जोडीजोडीने. काही न्यूट्रोफिलच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, पोटात, बहुतेक मोकाट. दुसऱ्या स्मिअरवर ग्रॅम, म्हणजे जंतूंचा गट ओळखायचा रंग, केलं: जांभळ्या, निमुळत्या टोकांच्या जोड्या. न्यूमोकोकसच म्हणायचा, न्यूमोनिया करणारा जंतू.

पण माझं लक्ष वेधलं लाल पेशींनी. बऱ्याच पेशींत एकेक गोल, गडद ठिपका होता. हॉवेल-जॉली बॉडी, म्हणजे पेशी तयार होताना आत राहून गेलेला केंद्रकाचा तुकडा. एरवी प्लीहा असे तुकडे काढून टाकते.

वॉर्डला फोन लावला. "प्लीहा काढलीय का त्यांची?"

"हिस्ट्रीत तसं काही नाही, मॅडम. सकाळी धडधाकट होते. दुपारी थंडी वाजून ताप आला, आता बीपी टिकत नाहीये. सेफ्ट्रायॅक्सोन अँटिबायोटिक सुरू केलंय."

"पोटावर व्रण आहे का बघ."

होता. तरुणपणी अपघात झाला होता, 'आतलं काहीतरी' काढलं होतं, एवढंच नातेवाईकांना आठवत होतं. पुढे कुणी लस दिली नव्हती.

न्यूमोकोकसची सगळी ताकद त्याच्या शर्करेच्या आवरणात. १९२८ मध्ये ग्रिफिथच्या प्रयोगांत आवरण असलेल्या जंतूंनी उंदीर मेले, आवरण नसलेल्यांनी नाही. या आवरणामुळे पांढऱ्या पेशींना त्याला धड पकडता येत नाही. अशा निसटणाऱ्यांना रक्तातून गाळायचं आणि आवरणाविरुद्ध चटकन अँटिबॉडी बनवायच्या, ही दोन्ही कामं मुख्यतः प्लीहेची. ती नसेल तर काही तासांत खेळ आटोपू शकतो. व्हॅन्कोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक जोडायचं ठरलं, आयसीयूत हलवलं.

कल्चरमध्ये न्यूमोकोकसच आला, पेनिसिलिनला संवेदनशील. अगदी साधासुधा स्ट्रेन! पेशंट वाचले, पायाची काही बोटं मात्र काळी पडली, ती गेली.

नंतर रेसिडेंट विचारायला आला. "घरचे म्हणतायत, हे लागलं कुणाकडून?"

"नक्की सांगता येणार नाही. घरात लहान मूल आहे?"

"नातू आहे. पण तो ठणठणीत आहे."

"असणारच. मुलांच्या नाकात हा जंतू बिनबोभाट राहतो."

"हे सांगू त्यांना?"

"नातवाचं काढू नकोस. प्लीहेचं नीट समजाव, डिस्चार्ज कार्डावर ठळक लिही. आणि न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब, तिन्ही लसी लिहून दे."