आमची वाटचाल : मदर लिकरमधली साखर

लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्या साखरेचे, स्फटिक काढून झाले की जे पिवळट पाणी (मदर लिकर) उरतं, त्यावर भांडुपचा आमचा गाळा चालतो. साखर त्यात भरपूर, पण क्षार इतके की नुसतं आटवून स्फटिक धड धरत नाहीत. म्हणून आम्ही चुन्याबरोबर साका पाडतो : साखर चुन्याला धरून गाळ होऊन खाली बसते.

मधली वर्षं सुरळीत गेली, ती सोडून देतो. सांगायचंय ते पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्याबद्दल. भाव पाडून त्यांनी आमची गिऱ्हाइकं नेली. साका गाळायची फिल्टर प्रेस कोरडी पडली, बँकेचे हप्ते थकले. त्यांची युक्ती काय, तर वीज वाचवायला रस थंड करणारा चिलर बंद ठेवायचा! कॉस्टिक सोडा पडला की रस तापतो, गरम अल्कलीत लॅक्टोजचं लॅक्ट्युलोज ही वेगळीच साखर होते, रस तांबडा पडतो. मग रंग काढायला कार्बन मारत बसा.

आम्ही रस 10 अंशांखाली ठेवतो. आधी कॅल्शियम क्लोराइड, मग कॉस्टिक, बारीक धारेने. दोन्ही मिळून रसातच चुना होतो आणि मीठ सुटतं. क्लोराइड निर्जल असेल तर किलोला 720 ग्रॅम कॉस्टिक, डायहायड्रेट (पाणी धरलेले) फ्लेक्स असतील तर 540. गोणी बदलली की माप बदलतं, हे नव्या पोरांना रोज सांगावं लागतं.

दादरचे एक होमिओपॅथी औषधवाले तेवढे हलले नाहीत. खलात औषध घोटायला त्यांना शुगर ऑफ मिल्क, म्हणजे हेच लॅक्टोज, लागते. दोन्हीकडचा माल गरम पाण्यात विरघळवून रंग बघायला ते पेले पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवायचे. आगाऊ रक्कम त्यांनीच दिली, त्यातून पगार झाले.

आता न विचारता सांगतो. साका साध्या पाण्याने धुऊ नका, साखर विरघळून जाते. थंड चुन्याची निवळी वापरा. मीठ गेलं का बघायला धुवणात आधी नायट्रिक आम्ल टाका, मगच सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. नाहीतर तपकिरी गाळ बघून उगाच घाबराल. पुढे साका पाण्यात कालवून कार्बन डायऑक्साइड सोडा : चुन्याचा कार्बोनेट होऊन खाली बसतो, साखर पाण्यात मोकळी होते. पीएच 7 च्या आसपास आला की गॅस बंद. हाव धरलीत तर कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन पुन्हा विरघळतो आणि आटवताना नळ्यांवर खार धरतो. तो खरवडणं म्हणजे शिक्षा.

आणि प्रेसला कापड पॉलिप्रॉपिलीनचंच घ्या. पॉलिस्टर स्वस्त पडतं, पण अल्कलीत विरतं.