तुम्ही विचारलंत म्हणून: अंबाबाईचा राग नाही येत?

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून गल्लीतल्या बायका, माहेरची माणसं, कुणी ना कुणी विचारतंच, "एवढं होऊनसुद्धा तुम्ही देवळात जाता? राग नाही येत अंबाबाईचा?"

आला होता. चार महिने कोल्हापुरात तिच्या देवळासमोरच्या महाद्वार रोडवरनं भाजी घेऊन यायची, पण आत पाऊल टाकलं नाही. जन्मभर ओटी भरली तिची, आणि एका रात्रीत हे असं.

पंचगंगेच्या स्मशानात नेलं तेव्हाचं मुलानं सांगितलं. आपल्याकडं होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानाला देतात. हे दरवर्षी गल्लीतल्या शेणी स्वतः मोजून टेम्पोत भरायचे. कुणाला लागतील ते कुणालाच माहीत नसायचं. त्यांनाही तशाच, कुणीतरी दिलेल्या शेणी लागल्या. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. तीस वर्षांचा संसार घमेलंभर राखेत मावला.

नोव्हेंबरात जाऊबाईंनी हाताला धरून किरणोत्सवाला नेलं. देवी पश्चिमेला तोंड करून उभी, त्यामुळं मावळतीची किरणं महाद्वारातनं गरुड मंडपात, तिथनं पितळी उंबऱ्यावरनं गाभाऱ्यात येतात. एक दिवस पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. त्या दिवशी ऊन चरणांवरनं वर सरकलं, कमरेशी आलं आणि ढग आला. सगळे हळहळले. मी मात्र तिच्याकडंच बघत होते. उजेड आला तेव्हा जशी उभी होती, गेल्यावरही तशीच. चार महिन्यांत पहिल्यांदा रडले.

दगडाला काय कळतंय, असं थोरल्या दिरांनी म्हटलं. दगडाचं मी म्हणतच नाही. मूर्ती झिजते हे आपण कोल्हापूरकरांनी पाहिलंय. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिचं संवर्धन केलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं, की आईच झिजायला लागली तर आपण जायचं कुणाकडं? पण ही मूर्ती कित्येक वर्षं गाभाऱ्याबाहेर लपवून ठेवली होती, १७१५ च्या दसऱ्याला पुन्हा बसवली. मधल्या काळात अंबाबाई कोल्हापुरात नव्हती, असं कुणी म्हणतं का? मूर्तीला झीज आहे. तिला नाही. हे मला पाठ होतं, पण समजलं त्या संध्याकाळी.

तिनं ह्यांना का वाचवलं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते मी आता मागतही नाही.

मला भीती वेगळीच होती. नातू ह्यांच्यामागं जन्मला. त्याला आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो. हे चहा बशीत ओतून फुंकर मारायचे, शेणी मोजताना विसाला एक खडा बाजूला ठेवायचे, हे ठाऊक असलेली मी एक आणि मुलगा एक. आम्हीही जाणार. मग हे होते, हे कुणाला माहीत असणार?

तिला. ह्यांचे पणजोबा तिच्या पायरीवर डोकं टेकून गेले, तेही तिला माहीत आहेत. मी गेल्यावरही तिच्यापाशी ह्यांचा तो खडा राहील.

म्हणून जाते. शुक्रवारी रांग मोठी असते, मी मंगळवारी सकाळी लवकर जाते. चांदीच्या उंबऱ्यापाशी क्षणभर मिळतो तेवढ्यात काही मागत नाही, फक्त ह्यांचं नाव मनात घेते.