जुन्या फोर बाय फोरची थरथर आणि ३९ हा आकडा

दोन महिने माझ्या गाडीत एक थरथर होती, आता ती गेलीय आणि का गेली हेही नीट कळलंय, म्हणून सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवतोय. या विषयावर जो भेटेल तो टायर बॅलन्स कर नाहीतर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) बदल एवढंच सांगतो. मी दोन्ही केलं होतं.

गाडी जुनी, पार्ट टाइम फोर बाय फोर (एरवी मागच्या दोन चाकांवर, गरज पडली तर चारही चाकांवर चालणारी), पुढे-मागे दोन्ही अॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर, पुढची चाकं अॅक्सलला जोडायला-सोडवायला हाताने फिरवायचे लॉकिंग हब. अशा गाडीत फिरणारं सामान खूप असतं, इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), दोन प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद अॅक्सलपर्यंत नेणारे लांब दांडे), त्यांचे क्रॉस, दोन डिफरन्शियल (अॅक्सलमधले गिअर), चार चाकं, आणि यातलं काहीही बिघडलं तरी सीटखाली लागते ती एकच थरथर. पण यातली प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या गतीने फिरते आणि मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे. थरथर सेकंदाला किती वेळा होतेय हे कळलं की निम्म्या वस्तू तिथल्या तिथे यादीतून बाद होतात.

माझ्या गाडीचा हिशोब असा. टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ९ वेळा फिरतं. डिफरन्शियलचा रेशो ४.३, चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.३ फेऱ्या, म्हणजे मागचा शाफ्ट सेकंदाला ३९ वेळा. मोबाईलमध्ये कंपन मोजायचं अॅप येतं, ते चालू करून फोन दोन सीटच्या मध्ये घट्ट बसवला, शेजारी मित्राला बसवलं आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ७२ धरून ठेवले. आकडा आला ३९ च्या आसपास. ९ आला असता तर टायर, रिम, ड्रम, हब यांच्यामागे लागायचं होतं, पण ३९ म्हणजे शाफ्ट. चाकं दोनदा बॅलन्स करून काही फरक का पडत नव्हता ते तेव्हा कळलं.

एक मात्र लक्षात ठेवा, टॉप गिअर डायरेक्ट (गती न बदलणारा) असेल तर इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, मग नुसत्या आकड्यावरून दोघांतला कोण ते कळत नाही. म्हणून तोच स्पीड ठेवून खालच्या गिअरमध्ये टाकून बघितलं, थरथर तशीच. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी नुसती वाहू दिली, तरी तशीच. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. नंतर खाली उतरून पुढचे दोन्ही हब फ्री केले, त्यामुळे पुढचा शाफ्ट फिरायचाच थांबतो (हब लॉक असले की टू व्हीलमध्येही चाकं त्याला फिरवत राहतात), आणि परत तीच चक्कर मारली. काहीच फरक नाही. म्हणजे दोष मागच्या शाफ्टमध्येच. एवढ्या सगळ्याला तासभरही लागला नाही आणि एक नटसुद्धा खोलला नव्हता. फक्त ही टेस्ट कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून करू नका, पार्ट टाइम सिस्टीममध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर चढत जातो.

गाडीखाली शिरलो तर ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसच्या चार कपांपैकी (बेअरिंगच्या टोप्या) एकाच्या सीलभोवती तपकिरी लालसर भुकटी दिसली, अगदी बारीक, बोटाला लागली की हळदीसारखी पसरणारी. ग्रीस संपलं की आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या घासतात आणि त्यांचा गंज असा बाहेर येतो. ग्रीस गन लावली तर तीन कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, चौथा ढिम्म. हाताने शाफ्ट वर-खाली ढकलला तर प्ले (ढिलेपणा) जवळपास नव्हताच, म्हणून नुसता हलवून बघून क्रॉस चांगला आहे असं कुणी म्हटलं तर मी तरी आता विश्वास ठेवणार नाही. एका वर्कशॉपमध्ये दोन्ही क्रॉस बदलून घेतले.

आणि गाडी आणखी थरथरायला लागली! फरक एवढाच की आता ती ३०-३५ च्या स्पीडपासूनच जाणवायची. मी खरंच वैतागलो होतो, नवे क्रॉस खराब निघाले असंच वाटलं. पण परत फोन लावला आणि ३६ च्या स्पीडला मोजलं, तर आकडा पुन्हा ३९! स्पीड निम्मा, शाफ्ट सेकंदाला साडेएकोणीस वेळा फिरतोय, तरी ३९. म्हणजे ही थरथर एका फेरीत दोनदा होत होती, आधीची एकदाच व्हायची. हा दुसराच आजार होता.

फेरीत दोनदा म्हटलं की क्रॉसचे कोन. क्रॉसचा जॉइंट वाकड्यात चालताना गती सारखी देत नाही, एका फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. १० अंशांचा कोन असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का येतो. म्हणून शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, एकाने केलेली गडबड दुसरा खोडून काढतो. पण त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारी दुबेळकी) एका रेषेत हवेत. माझे पाटे बसलेले नव्हते, गिअरबॉक्सचं रबर माउंटिंगही फुटलेलं नव्हतं, मग कोन अचानक कशाने बदलतील? उरली रेष.

डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने शाफ्टचा मधला स्लायडिंग जॉइंट (जिथे नळी आणि बाही दातांनी एकमेकांत सरकतात) पुसत बसलो. मातीचा थर निघाल्यावर नळीवर ठोकलेला एक छोटा बाण दिसला आणि बाहीवर दुसरा. दोघांची तोंडं समोरासमोर हवीत, ती नव्हती, दुसरा बाण बोटभर बाजूला. क्रॉस दाबताना शाफ्ट मधून वेगळा केला होता आणि परत घालताना एक दात चुकला होता. माझ्या शाफ्टला १६ दात आहेत, म्हणजे एका दाताला साडेबावीस अंश. एवढं चुकल्यावर एक क्रॉस दुसऱ्याची गडबड पूर्ण कशी खोडणार?

शाफ्ट काढायच्या आधी मात्र चाकांना पुढून-मागून दगड लावा, हे कळकळीने सांगतोय. माझ्यासारख्या काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो, तो चाकांना थेट नाही तर मागच्या शाफ्टमधून धरतो. शाफ्ट सुटला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी, आणि टू व्हीलमध्ये असेल तर गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. आणि आपण तेव्हा नेमके तिच्याखाली असतो.

शाफ्ट काढला, एक दात सरकवून बाण समोरासमोर आणले, फ्लँजचे बोल्ट कसले. आता नळीपासून बाहीपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघही मारून ठेवलीय, कुणीही खोललं तरी दिसेल अशी. ३६ ला गाडी शांत. ७२ ला अॅपवर ३९ च्या जागी बारीकसा उंचवटा उरलाय, पण सीटला काही लागत नाही. फक्त इतके दिवस त्या थरथरीखाली दबलेला एक आवाज आता ऐकू यायला लागलाय, अॅक्सिलरेटर सोडला की मागून येणारी बारीक गुणगुण, दाबला की बंद. ती पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगची वाटतेय. येत्या रविवारी डिफरन्शियलचं ऑइल काढून ड्रेन प्लगच्या चुंबकाला काय चिकटलंय ते बघणार आहे.