झेफिरचा मेन्यू सुटला, तारीख मात्र अर्धीच

मंडळी, सुटला एकदाचा! मागच्या अपडेटमधला, कॅलिफोर्निया झेफिर या जुन्या अमेरिकन रेल्वेगाडीचा डिनर मेन्यू, एस्टेट सेलवाल्या अल्बममध्ये पाठीवर चिकटलेला तो, काल रात्री अखंड बाहेर आला, कोपरासुद्धा गेला नाही.

हे मॅग्नेटिक अल्बम (गोंद लावलेल्या पानांचे) ज्याने काढले त्याला आपल्या रेल्वेचे जुने कागद जमवणाऱ्यांचा तळतळाट लागणारे. गाडी बंद झाली २२ मार्च १९७० ला आणि हे अल्बम घरोघरी शिरले त्याच दशकात, म्हणजे मूळ मालकाने आधी मेन्यू कुठेतरी नीट जपला असणार आणि मग हौसेने त्याची वाट लावली. मिंब्रेनो क्रोकरी जमवणाऱ्यांचं बरंय, सुपर चीफ गाडीची बशी आणा, धुवा, शेल्फवर ठेवा.

डायनिंग रिझर्वेशनचं कार्ड (झेफिरेट, म्हणजे गाडीतली होस्टेस, डब्याडब्यातून फिरून द्यायची ते) फ्लॉसने एका दमात निघालं. पेन्सिलीने लिहिलेली जेवणाची वेळ शाबूत. बघतच बसलो होतो कितीतरी वेळ. फ्लॉस बिनमेणाचा घ्या, मिंटवाला अजिबात नको.

मेन्यूने मात्र जीव काढला. हेअर ड्रायरने कडेचा गोंद मऊ झाला पण मधे जिथे कागदात मुरला होता तिथे ढिम्म, मग झिपलॉकमध्ये घालून फ्रीझरला ठेवला तर गोंद कडक झाला खरा पण गोंदाआधी कागदच तुटेल अशी लक्षणं दिसायला लागली म्हणून थांबलो. स्क्रॅपबुकिंगवाले वापरतात ते सॉल्व्हंट लावायची हिंमत नाही, कव्हरवर बॉलपेनने सही आहे, बहुतेक झेफिरेटचीच, ती पसरली असती तर आठवडाभर जेवण गेलं नसतं.

मग डोक्यात आलं की जपायचाय मेन्यू, अल्बमचं पान गेलं तरी चालेल, मग मेन्यूच का वाकवतोय मी? पान मेन्यूच्या आकाराला कापलं, ब्लॉटरवर (टीपकागदावर) उलटं ठेवलं आणि मायक्रो-स्पॅट्युलाने (बारीक चपट्या पात्याने) मागून पुठ्ठा सोलायला घेतला. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे थर निघत गेले. शेवटचा पापुद्रा एवढा पातळ राहिला की तोच मागे दुमडून दुमडून ओढता आला, मेन्यू सपाटच. उरलेला गोंद क्रेप रबरने (गोंद उचलणाऱ्या खोडरबराने), घाई न करता. स्पॅट्युला चांगला लवचिक घ्या, स्वस्तातले जाड असतात आणि कागदात रुततात.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते. मागच्या कव्हरवर खाली बारीक टायपात प्रिंटिंग कोड आहे: ५-५ आणि पुढे गोंदाचा तपकिरी डाग! म्हणजे मे महिना, १९५० चं दशक, पण वर्ष नेमकं डागाखाली. पत्त्यात झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) नाही, तो जुलै १९६३ मध्ये आला, तेही जुळतं. मनात एक लबाड आशा होती की बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीच्या नावाचा निघेल, कारण ती ज्यातून झाली ते मर्जर २ मार्च १९७० चं, म्हणजे त्या नावाखाली गाडी जेमतेम तीन आठवडे धावली. पण मागे बर्लिंग्टन, रिओ ग्रान्दे, वेस्टर्न पॅसिफिक अशा गाडी चालवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे जुने लोगो आहेत. असू दे.

प्लॅन असा होता की आता सरळ मायलरच्या (पॉलिएस्टरच्या) स्लीव्हमध्ये घालून फाइल करायचा. (एका सप्लायरने आर्कायव्हल म्हणून पाठवलेल्या स्लीव्हजना उघडताच पीव्हीसीचा वास आला, परत केल्या. पॉलिएस्टरला वास येत नाही, नाक लावून बघत जा.) मग ठरवलं की आधी एव्हन्स्टनला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ट्रान्सपोर्टेशन लायब्ररीत मेन्यू कलेक्शन आहे तिथे तारीखवाला झेफिरचा मेन्यू मिळतो का बघायचं आणि रॉकी माउंटन ट्राउटचा भाव ताडून वर्ष काढायचं. पण हे टाइप करता करताच सुचलं, कोड काळ्या शाईत आहे, त्यात कार्बन असेल तर इन्फ्रारेडमध्ये डाग फिका पडून आकडा वर यायला पाहिजे! म्हणजे मायलर, लायब्ररी दोन्ही नंतर, डागाला तर आता हातच लावत नाही. शिकागोच्या आसपास कोणाकडे आयआरला कन्व्हर्ट केलेला कॅमेरा आहे का? मेन्यू घेऊन मी येतो, चहा तुमचा.