आमची वाटचाल : क्रेनपासून यार्डपर्यंत

सायन–पनवेल महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम सुरू होते, त्या काळात तुर्भ्यात एक जुनी क्रेन विकत घेऊन आम्ही दोघा भावांनी हा व्यवसाय सुरू केला. ठाणे–बेलापूर मार्गावर किंवा महापे–शीळफाटा रस्त्याच्या चढावर बंद पडलेले टेम्पो आणि ट्रक ओढून गॅरेजपर्यंत पोहोचवणे, एवढेच आमचे काम होते. पुढे पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत आड येणाऱ्या गाड्या हलवण्यासाठी एका विभाग कार्यालयाने क्रेन मागवली आणि बेवारस वाहनांच्या कामाशी आमचा संबंध आला.

गाडी उचलण्यास फारसा वेळ लागत नाही. ती उचलण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरण्यास मात्र अनेकदा महिने जातात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागेत दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलवण्याची परवानगी गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो आणि टोइंगचा खर्च मालकावर पडतो. वाहतुकीला धोका निर्माण करणाऱ्या जळालेल्या किंवा मोडक्या गाड्यांबाबत तर लगेच कारवाई करता येते. परंतु नवी मुंबईत एक रस्ता महानगरपालिकेचा, शेजारचा मोकळा भूखंड सिडकोचा, औद्योगिक वसाहतीतला रस्ता एमआयडीसीचा, अशी स्थिती असल्याने तक्रारदाराने पहिला अर्ज कोणाकडे करावा हेच त्याला कळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक सोसायटीला आम्ही आधी जागा कोणाची आहे हे पाहण्यास सांगतो, कारण चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. गाडीवर नोटीस चिकटवली जाते, छायाचित्रे घेतली जातात, मुदत संपल्यावर पंचनामा होतो. नंबरप्लेट नसेल तर गंज खरवडून चेसिस नंबर वाचावा लागतो, आणि तो एमएच ०४, एमएच ४३ किंवा आणखी कुठल्या आरटीओच्या नोंदीशी ताडला जातो. गाडी चोरीची आहे का, गुन्ह्यात वापरलेली आहे का, याची खात्री पोलीस करतात. गुन्ह्यातील असेल तर ती मुद्देमाल ठरते आणि न्यायालयाच्या आदेशाविना तिला हात लावता येत नाही. बाकीच्या गाड्यांमागे बहुधा साध्याच अडचणी असतात : मालक वारला आणि वारसांत एकमत नाही, फायनान्स कंपनीचा बोजा उतरवलेला नाही, किंवा गाडी तीन वेळा विकली गेली आणि कागद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिले. अशा मालकाला नोटीस मिळते तेव्हा तो खरोखरच गोंधळलेला असतो, त्याच्याशी अदबीनेच बोलले पाहिजे, असे मी आमच्या मुलांना सांगत असतो.

बेवारस म्हटली तरी गाडी कोणाची तरी मालमत्ता असते. म्हणून बॅटरी, स्टेपनी, टेप, सीटखाली राहिलेली कागदपत्रे, या सर्वांची यादी गाडी उचलण्यापूर्वी पंचांसमोर झाली पाहिजे, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. त्यामुळे एका फेरीत कमी गाड्या होतात आणि बिल लहान होते, तरीही आम्ही तो सोडलेला नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे केंद्रीय नियम अधिसूचित झाले, तेव्हापासून आमच्या कामाचे स्वरूप बदलले. पूर्वी लिलावात गेलेली गाडी कुठेही तोडली जाई आणि तिचा चेसिस नंबर दुसऱ्याच गाडीला लागण्याची भीती राही. आता यंत्रणांनी जप्त केलेली किंवा बेवारस ठरवलेली वाहने नोंदणीकृत केंद्रात देता येतात. तिथे आधी इंधन, तेल, बॅटरी आणि एसीचा गॅस काढून घेतला जातो, मगच गाडी तोडली जाते, आणि स्क्रॅप झाल्याचे प्रमाणपत्र निघते. आम्ही स्वतः गाड्या तोडत नाही, त्या केंद्रापर्यंत पोहोचवतो.

जागा ही आमची सर्वांत मोठी अडचण आहे. लिलाव लांबला की उचललेल्या गाड्या ठेवण्याचे आमचे यार्ड भरते, आणि पावसात उघड्या टपांत व टायरांत साचलेल्या पाण्यात डास वाढतात. त्यामुळे जूनपूर्वी प्रत्येक गाडीवर ताडपत्री आणि टायरांना भोके, हे काम आम्ही स्वखर्चाने करतो. इंजिनातून गळणारे तेल जमिनीत मुरू नये म्हणून यार्डच्या एका भागात काँक्रीटचा कोबा घातला आहे, उरलेल्या भागाचे काम या वर्षी हाती घेतले आहे.

ज्यांची गाडी कायमची बंद पडली आहे, त्यांनी ती रस्त्याकडेला लावण्याऐवजी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ नुसार चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवावे. आरसी आणि बोजा उतरल्याचा कागद जवळ असेल, तर गाडी नोंदणीकृत केंद्रात देण्यापासून नोंदणी रद्द होईपर्यंतची धावपळ आम्ही करून देतो.